बदकं घरी, आपण बाहेरगावी: फीडर, पाण्याची भांडी, आपोआप दार आणि सांभाळणारा माणूस यांचं परीक्षण

पाळीव पक्ष्यांच्या देखभालीसाठी बाजारात जे सामान मिळतं, त्यातलं बहुतेक कोंबडी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं असतं. कोंबडी कोरडं खाते, थोडंसं पाणी पिते आणि अंधारून आलं की आपणहून खुराड्यात शिरते. बदक यातलं काहीच करत नाही. दोन घास खाल्ले की ते पाण्याकडे जातं, ओल्या चोचीने परत खाद्यात घुसतं, पाणी पिण्याइतकंच सांडतं आणि संध्याकाळी कुणी हाकललं नाही तर रात्रभर बाहेर बसून राहतं. त्यामुळे पाकिटावर ‘कोंबड्या आणि बदकांसाठी’ असं छापलेलं असलं, तरी वस्तू बदकाच्या या तीन सवयींना टिकते का, ते आधी पाहावं. खाली प्रत्येक सोय याच कसोटीवर तपासली आहे. निकाल आधीच सांगतो: यंत्रं काही तास मिळवून देतात, दिवस नाही. एका रात्रीपलीकडे जाणार असाल तर दिवसातून दोनदा येणारा माणूस हवाच.

काहीही विकत घेण्याआधी हिशोब करा. मध्यम आकाराचं प्रौढ बदक दिवसाला साधारण १५० ते २०० ग्रॅम कोरडं खाद्य खातं; पेकिनसारखी जड जात किंवा रोज अंडी देणारी मादी याहून जास्त. पिण्याचं पाणी अर्धा ते एक लिटर, आणि धुण्यात, उडवण्यात जातं ते वेगळं. म्हणजे चार बदकं आणि पाच दिवस असतील तर चार किलो खाद्य लागेल. पाच किलो काढून ठेवा. ते एका मोठ्या पोत्यात ठेवू नका. प्रत्येक दिवसाची वेगळी पिशवी वजन करून भरा आणि वर वार लिहा. ‘दोन वाट्या घाल’ असं सांगितलं की प्रत्येकाची वाटी वेगळी निघते. सगळ्या पिशव्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, कारण प्लास्टिकचा डबा उंदीर रात्रीत कुरतडतात.

आता फीडर. सगळ्यात जास्त विकला जातो तो वरून भरायचा, खालच्या ताटलीत आपोआप खाद्य उतरणारा डबा. कोंबड्यांकडे तो आठवडाभर विनातक्रार चालतो. बदकांकडे त्याची अडचण पहिल्या दिवशीच सुरू होते. ओल्या चोचीला लागलेलं पाणी ताटलीत झिरपतं, पीठ भिजतं, तोंडाशी घट्ट लगदा जमतो आणि वरचं खाद्य त्याच्यावर पूल बांधल्यासारखं अडकून राहतं. बाहेरून डबा भरलेला दिसतो, आत बदकं उपाशी असतात. सांभाळणारा माणूस डबा भरलेला पाहून निघून जातो, म्हणून हा दोष रिकाम्या डब्यापेक्षा वाईट. दुसरा धोका बुरशीचा. उष्ण, दमट हवेत भिजलेल्या खाद्याला लवकर बुरशी धरते आणि बुरशीच्या अफलाटॉक्सिन विषाला बदकं फार संवेदनशील असतात. ते थेट यकृतावर घाव घालतं. वास आंबूस आला किंवा गाठी दिसल्या तर वरचं चांगलं दिसणारं खाद्यही टाकून द्यावं.

असा डबा घ्यायचाच असेल तर ताटलीची फट किमान दहा-बारा सेंटिमीटर रुंद हवी, कारण बदक टोचत नाही, चोच आडवी फिरवून उपसतं. वर पावसाचं छप्पर हवं. ताटली बदकाच्या पाठीच्या उंचीला आणा. आत मॅश, म्हणजे दळलेलं पिठाळ खाद्य, अजिबात नको, गोळी खाद्यच भरा. गोळीही कालांतराने भिजते, पण पिठासारखी लगेच चिकटत नाही. फीडर आणि पाणी यांत दोन-तीन मीटर अंतर ठेवलं की वाटेत चोचीवरचं बरंच पाणी गळून जातं. मात्र अंतर ठेवायचं म्हणून खाद्य एका दाराआड आणि पाणी दुसऱ्या दाराआड, असं कधीही करू नका. कोरडं खाद्य गिळताना पाणी हाताशी नसेल तर ते घशात अडकून बदक गुदमरू शकतं. रात्री खुराड्यात पाणी ठेवणार नसाल तर खाद्यही ठेवू नका. प्रौढ बदकाला रात्रीचे आठ-दहा तास दोन्हींशिवाय चालतं. आमचा कौल: रोज तळ साफ करणारा माणूस असेल तर उपयोगी, माणसाच्या जागी ठेवायला निरुपयोगी. जाड पाइपला कोपर बसवून केलेल्या घरगुती फीडरलाही हेच लागू, फक्त त्याचं तोंड आणखी अरुंद असतं, त्यामुळे सांडलवंड जास्त.

पायाने पट्टी दाबली की झाकण उघडणारा फीडर चिमण्या-उंदरांपासून खाद्य वाचवण्यासाठी उत्तम असतो. बदकांच्या बाबतीत दोन गोष्टी तपासा. पट्टी किती वजनाला दबते? रनर जातीचं बदक दीड ते सव्वादोन किलोचं, त्यामुळे बहुतेक पट्ट्या त्याच्याने दबतात. कॉल जातीचं छोटं बदक किलोच्याही आतलं, त्याला हा फीडर बंदच राहतो. आणि झाकण कसं मिटतं? धाडकन पडणारं झाकण मान आत असताना आदळलं तर इजा होते, आणि एकदा घाबरलेलं बदक मग त्या फीडरकडे फिरकत नाही. सावकाश मिटणारं झाकणच घ्या. शिकवायला दोन आठवडे धरा: पहिले चार-पाच दिवस झाकण पूर्ण उघडं टेकवून ठेवायचं, मग अर्धं, मग मोकळं सोडायचं. शेवटची परीक्षा अशी की प्रत्येक बदक एकटं उभं राहून खातंय का ते पाहायचं. कळपात एखादं हुशार बदक पट्टीवर उभं राहतं आणि बाकीची त्याच्या जिवावर जेवतात. ते बाजूला झालं की सगळ्यांचं जेवण थांबतं. प्रवासाच्या आदल्या दिवशी आणून ठेवायची ही वस्तू नव्हे.

मांजरांसाठीचा टायमरचा फीडर घेऊच नका. वाटी अरुंद, मळसूत्र ओलाव्याने अडकतं, आणि बाहेर चिखलात ठेवायला तो बनवलेलाच नसतो.

खाद्याची चूक एक दिवस निभते, पाण्याची काही तासांतच अंगाशी येते. बदकाला पाणी फक्त पिण्यासाठी लागत नाही. चोच आणि नाकपुड्या पूर्ण बुडवून आतली घाण फुंकून काढायची असते, डोळे धुवायचे असतात. म्हणून भांडं इतकं खोल हवं की डोकं डोळ्यांपर्यंत बुडेल. या एका अटीवर निम्मी भांडी बाद होतात. निपल ड्रिंकर, म्हणजे चोचीने दाबल्यावर थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी, स्वच्छ राहतो, सांडत नाही, बदकं तो वापरायला शिकतातही. पण नाकपुड्या धुता येत नाहीत, खाद्याचा लगदा सुकून बसतो आणि डोळ्यांभोवती पापुद्रे धरतात. मुख्य भांडं उलटलं तर तहान भागावी म्हणून जोडीला ठेवा, एवढंच त्याचं काम. उलट्या बरणीच्या ड्रिंकरची कड तीन-चार सेंटिमीटर खोल असते, म्हणजे डोकं बुडत नाही आणि बरणी तासाभरात चिखलात रिकामी होते. बाद.

बॉल कॉक बसवलेला टब कागदावर सर्वांत चांगला वाटतो: पाणी कमी झालं की आपोआप भरतं. तो दोन प्रकारे फसतो आणि दोन्ही वाईट. खाद्याचा कण किंवा पेंढ्याची काडी वॉशरखाली अडकली की पाणी वाहतच राहतं आणि संध्याकाळपर्यंत सगळं आवार दलदल होतं. किंवा बदक फ्लोटच्या, म्हणजे तरंगणाऱ्या गोळ्याच्या, दांड्याशी खेळतं, दांडा वाकतो, फ्लोट वरच अडकतो आणि टब कोरडा पडतो. म्हणून फ्लोटवर जाळीचा पिंजरा हवाच. नळ पूर्ण न उघडता थोडाच उघडा ठेवा, म्हणजे बिघाड झाला तरी नुकसान आवाक्यात राहतं. निघण्यापूर्वी सलग ४८ तास हात न लावता चालवून पाहा. आणि शेजारी साधी भरलेली बादली ठेवा, कारण पाणीपुरवठा बंद पडला तर बॉल कॉक काही करू शकत नाही.

आमची पहिली पसंती सगळ्यात साध्या वस्तूला: झाकणाची २० लिटरची बादली आणि तिच्या बाजूला सात-आठ सेंटिमीटर व्यासाची तीन-चार भोकं. बदक मान आत घालतं, डोकं बुडवतं, पण आत चढून बसू शकत नाही. म्हणून पाणी इतर कुठल्याही उघड्या भांड्यापेक्षा जास्त वेळ स्वच्छ राहतं. भोकाची खालची कड जमिनीपासून साधारण १६ सेंटिमीटरवर ठेवा, लहान जातींसाठी आणखी खाली. कडा कानशीने घासून गुळगुळीत करा, नाहीतर मानेची पिसं कापतात. मात्र एक हिशोब लक्षात ठेवा: पाणी भोकाच्या वर राहू शकत नाही, त्यामुळे २० लिटरच्या बादलीत प्रत्यक्षात नऊ-दहा लिटरच मावतं. चार बदकांना दोन बादल्या, आणि रोज धुऊन भरणं. बादली जाळीच्या चौकटीवर ठेवा, खाली खड्डा खणून खडी भरा. सांडलेलं पाणी तिथेच मुरतं आणि पायांखाली चिखल होत नाही. सतत ओल्या, घाण जमिनीवर उभं राहून तळपायांची कातडी सोलते आणि जंतुसंसर्गाने गाठ धरते. बऱ्याचदा ही गाठ मालक परतल्यावरच लक्षात येते.

पोहण्याचा टब किंवा लहान तलाव असेल तर जाण्यापूर्वी तो रिकामा करून उलटा ठेवा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. काही दिवस पोहलं नाही तर प्रौढ बदकाचं बिघडत नाही, पण उन्हात साचलेलं, विष्ठा आणि खाद्य सडलेलं पाणी जीव घेऊ शकतं. असं पाणी, त्याच्या काठचा सडका गाळ आणि मेलेल्या प्राण्यावरच्या अळ्या यांत बोटुलिझम या लकवा आणणाऱ्या रोगाचं विष तयार होतं. बदकाचे पाय लुळे पडतात, मग पंख, मग मानही उचलता येत नाही. पाण्यात असलं तर बुडतं. सांभाळणारा माणूस रोज पाणी बदलायला तयार असेल तर २०-२५ सेंटिमीटर खोलीचं घमेलं पुरे, आत एक वीट पायरी म्हणून. पिल्लांना मालक नसताना पोहायला सोडायचंच नाही. अंगावर पिसं येईपर्यंत ती लवकर भिजून गारठतात.

आपोआप उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दाराबद्दल आमचं मत ठाम आहे. सकाळी उघडायला त्याच्यावर विसंबा, संध्याकाळी मिटायला नाही. उजेड कमी झाल्यावर दार मिटतं, पण तेव्हा बदकं आत असतीलच याची खात्री कोण देणार? बदकांना अंधारात बऱ्यापैकी दिसतं, त्यांना आत जायची घाई नसते. मिटलेल्या दाराबाहेर राहिलेली चार बदकं म्हणजे कोल्ह्या-कुत्र्यांना वाढलेलं ताट. शिवाय कोंबड्यांच्या मापाचं दार बदकांना अरुंद पडतं. ती एकमेकांना ढकलत एकदम घुसतात. किमान ३५ सेंटिमीटर रुंदी हवी आणि शिडीऐवजी आडव्या पट्ट्या मारलेला कमी चढाचा उतार. सरकत्या दाराच्या खाचेत ओला भुसा अडकतो आणि दार दोन बोटं उघडं राहतं. तेवढ्या फटीतून उंदीर सहज आत येतो. अडथळा लागला की मागे फिरणारं दार घ्या आणि निघण्याच्या दिवशी नवे सेल घाला.

त्यापेक्षा पैसे खर्च करायचेच असतील तर पूर्ण बंद आवारावर करा. वरूनही जाळी असलेलं, चारी बाजूंनी १२-१३ मिलिमीटर छिद्रांच्या वेल्डेड जाळीचं आवार, आणि जमिनीवर बाहेरच्या बाजूला ३० ते ४५ सेंटिमीटर जाळीची झालर, म्हणजे खणणाऱ्याला खणता येत नाही. षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी बदकांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कडी अशी हवी की ती उचलून मग फिरवावी लागेल. असं आवार असेल तर एखाद्या संध्याकाळी माणसाला उशीर झाला तरी अनर्थ होत नाही. दाराच्या मोटारीला हे जमत नाही.

कॅमेरा स्वस्तात मोठं काम करतो, फक्त तो योग्य जागी लावा. सगळ्यांना आवडतो तो तलावाचा देखावा. उपयोगाचा असतो तो खुराड्याच्या आतला कोपरा, जिथून अंधार पडल्यावर डोकी मोजता येतात. दुसरा पाण्याच्या बादलीवर. रात्री दिसणारा घ्या आणि भिंग कोरड्या कपड्याने पुसायचं काम सांभाळणाऱ्याच्या यादीत लिहा. कोपऱ्यात एकटं बसलेलं किंवा पाण्याकडे न उठणारं बदक कॅमेऱ्यात दिसतं. फोन लावायला तेवढं पुरतं.

आता खरी सोय: माणूस. शेजारी, मित्र किंवा पैसे घेऊन घरी येणारी सेवा, कुणीही चालेल; पण सकाळी उजाडल्यापासून तासाभरात आणि संध्याकाळी अंधाराच्या अर्धा तास आधी येणारा हवा. दिवसातून एकदाच येणाऱ्या सेवेला आम्ही नापास ठरवतो, ती कितीही नावाजलेली असो. कुत्र्या-मांजरांची सवय असलेले लोक बदकाला हाताने पकडायला जातात आणि तिथेच चूक होते. बदकाला पकडायचं नसतं, हाकायचं असतं: दोन्ही हात पसरून, मागून, हळू चालत, कळप एकत्र ठेवून. घाई केली की कळप फुटतो. उचलावंच लागलं तर दोन्ही पंख अंगाशी दाबून, खालून पोटाला आधार देऊन. पायाला किंवा मानेला धरून कधीही नाही. बदकाचे पाय नाजूक असतात, झटापटीत सांधा निखळतो.

सेवा निवडताना हे प्रश्न विचारा. यापूर्वी पाणपक्षी सांभाळलेत का? संध्याकाळची वेळ सूर्यास्ताप्रमाणे पुढेमागे करणार का? तुमच्याकडे किंवा इतर गिऱ्हाइकांकडे पक्षी आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर नाकारायची गरज नाही, पण आवारात घालायचे बूट तुम्ही द्या आणि ते तिथेच राहू द्या. बर्ड फ्लूसारखे रोग बुटांच्या चिखलातून येतात, आणि बदक वरवर निरोगी दिसत असतानाही ते बाळगू शकतं. मग तीन फेऱ्या करून घ्या: पहिली तुम्ही करून दाखवा, दुसरी त्याने तुमच्यासमोर करावी, तिसरी त्याने एकट्याने. तिसऱ्या फेरीत काय चुकतं ते त्या दिवशीच कळलेलं बरं.

कागदावर मोजकंच लिहा आणि खुराड्याच्या दारावर चिकटवा. किती बदकं, कोणतं कसं दिसतं, कोण मुळातच लंगडतं. कालचं उरलेलं खाद्य टाकायचं, ताटली घासायची, मग आजची पिशवी. बादल्या रिकाम्या करून, घासून भरायच्या. ओल्या जागी कोरडा भुसा. अंडी बहुतेक वेळा पहाटेच घातली जातात, त्यामुळे सकाळच्या फेरीत उचलायची. राहू दिली तर एखादी मादी खुडुक होऊन बसते आणि जेवायलाही फारशी उठत नाही. अंडी देणाऱ्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत, खाद्यात मिसळून नाही, कारण नरांना तो नको असतो. पाव, खारट पदार्थ, अ‍ॅव्होकॅडो देऊ नये. येणारी मुलं हौसेने पाव टाकतात, तेव्हा हे मोठ्या अक्षरात लिहा. खाद्य संपलंच तर प्रौढ बदकांना काही दिवस साधं, औषध न घातलेलं कोंबडीचं खाद्य चालतं. पिल्लांना तेवढ्यावर ठेवू नका: त्यांना नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व जास्त लागतं, किलोमागे साधारण ५५ मिलिग्रॅम. ते कमी पडलं की पाय वाकायला लागतात. घरात पिल्लं असतील तर त्यांचं खाद्य दुप्पट काढून ठेवा; खरं म्हणजे पिल्लं तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत प्रवासच पुढे ढकलता आला तर पाहा.

फोन कधी करायचा, तेही लिहा: एक बदक कमी भरलं, कुणी जेवायला आलं नाही, मान वाकडी किंवा लुळी, चोच उघडी ठेवून श्वास, शेपटी खाली पाडून जोर करणारी मादी, रक्त. यातलं काही दिसलं तर ‘उद्या बघू’ नाही. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर, आणि तुम्ही फोनवर नसलात तरी उपचार सुरू करायला हरकत नाही अशी सहीची चिठ्ठी, दोन्ही तिथेच लावा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच दवाखाने बदक तपासत नाहीत. आधी फोन करून विचारून ठेवा.

बदकं दुसरीकडे ठेवायला नेणं, म्हणजे बोर्डिंग, आमच्या यादीत शेवटी येतं. जागा बदलली की माद्यांची अंडी थांबतात, काही वेळा अवेळी पिसं झडतात, आणि दुसऱ्या कळपाचे रोग परतीच्या खोक्यातून घरी येतात. घरी इतर पक्षी असतील तर परत आलेल्यांना ३० दिवस वेगळं ठेवावं लागतं. रोज औषध किंवा ड्रेसिंग लागणारं एखादं बदक असेल तर दवाखान्यातच ठेवणं योग्य. त्याच्याबरोबर शांत स्वभावाचं एक सोबती पाठवा, एकटं बदक खाणं सोडतं. बोर्डिंगची जागा पाहायला गेलात तर पिंजऱ्यांची शोभा पाहू नका. पाण्याच्या भांड्यात हात घालून खोली मोजा, भुसा मुठीत दाबून ओल पाहा, आणि शेजारच्या कप्प्यात दुसऱ्या कुणाचे पाणपक्षी आहेत का ते पाहा. असतील तर परत फिरा.

किती दिवसांना काय पुरतं? एक रात्र: बंद आवार, भोकं पाडलेल्या दोन बादल्या, मोजलेलं गोळी खाद्य आणि कॅमेरा, शिवाय हाकेच्या अंतरावर कुणीतरी. दोन दिवस ते आठवडा: हेच, अधिक दिवसाला दोन फेऱ्या. आठवड्यापेक्षा जास्त: दोन माणसं शिकवून ठेवा, कारण एक आजारी पडू शकतो, आणि मधे एकदा पूर्ण भुसा बदलायचं ठरवून द्या. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक बदकाचं वजन करून लिहून ठेवा. परतल्यावर पुन्हा करा, तळपाय उलटून पाहा, नाकपुड्या आणि डोळे तपासा, आणि उरलेल्या पिशव्या मोजा. एखादी जास्त उरली असेल तर त्या दिवशी काय झालं ते विचारा.